व्हिजिट व्हिसा संपून चार महिने झालेत : दंड, बॅन आणि परत जायचं काय

ताई, तुमचं सगळं वाचलं. म्हणजे भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर होता, ओळखीतल्याच एजंटनं दुबईत नोकरी पक्की आहे म्हणून व्हिजिट व्हिसावर पाठवला, तिथं गेल्यावर कंपनीचा पत्ता नाही, व्हिसा संपून चार महिने होत आले आणि आता शारजात रूमवर राहून मिळेल ते रोजावर काम करतोय. पासपोर्ट एजंटच्या तिकडच्या माणसाकडं. एजंट इकडं खानापुरात बसून सांगतोय की राहू दे तसाच, तिथल्या सरकारची पुढची माफी आली की निघेल, नाहीतर इथं आल्यावर नावाचं स्पेलिंग बदलून नवा पासपोर्ट काढू. तुम्हाला विचारायचंय की दंड किती, बॅन किती वर्षाचा, आणि मावसभाऊ म्हणतोय तसं पुढं पोर्तुगालला जमेल काय.

मी तिकडं बरीच वर्षं कंपनीचा पीआरओ होतो, अरबी लोक मंदूब म्हणतात, म्हणजे दिवसभर इमिग्रेशन आणि लेबरच्या खिडकीवर फायली घेऊन उभं राहायचं काम. आता बेळगावात कागदपत्रांचंच बघतो. तेव्हा ऐकीव नाही, बघितलेलं सांगतो. आणि एक आधीच सांगून टाकतो, तुमच्या भावाचं प्रकरण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. पण एजंटचा सल्ला ऐकलात तर जाईल.

पहिलं, बॅन बॅन म्हणून जे सगळे एकाच शब्दात बोलतात ना, त्यात चार वेगवेगळी प्रकरणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतोय. नुसता ओव्हरस्टे म्हणजे मुदत संपली, माणूस राहिला, दंड चढत गेला. दुसरं, स्पॉन्सरनं तुमच्यावर पळून गेल्याची तक्रार घातलीय, त्याला ॲब्स्कॉन्डिंग म्हणतात, सौदीत हुरूब. तिसरं, पोलीस नाहीतर बँकेची केस, क्रेडिट कार्ड थकलेलं, चेक बाउन्स, भांडणात नाव, असलं काही असलं की ट्रॅव्हल बॅन लागतोय, आणि ट्रॅव्हल बॅन म्हणजे आत यायला बंदी नाही तर बाहेर पडायलाच बंदी, माणूस तिकीट घेऊन एअरपोर्टवर जातो आणि काउंटरवरून परत पाठवतात. चौथं डिपोर्टेशन, म्हणजे सरकारनं पकडून, बोटाचे ठसे आणि डोळ्याचा स्कॅन घेऊन बाहेर काढलं. लोक घाबरतात ते पहिल्याला, आणि खरी गाठ असते दुसऱ्या आणि चौथ्यात. तुमचा भाऊ सध्या पहिल्यात आहे असं दिसतंय, दुसऱ्यात आहे का हे तपासायला पाहिजे, आणि चौथ्यात जाऊ द्यायचा नाही, एवढंच सगळं काम आहे.

दंडाचं सोपं आहे. युएईत २०२२ पासून व्हिजिट असो की रेसिडेन्स, दिवसाला ५० दिरहॅम असा एकच दर आहे. चार महिने म्हणजे १२० दिवस धरले तर ६,००० दिरहॅम. दिरहॅमला २४ रुपयाच्या आसपास धरलं तर दीड लाखाच्या जरा आत, वर बाहेर पडायच्या परमिटची थोडी फी. व्हिजिटवाल्यांना ग्रेस पिरियड आहे म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ती जुनी दहा दिवसाची गोष्ट लोक अजून घोळवत बसलेत. ग्रेस पिरियड असतोय तो रेसिडेन्स कॅन्सल झालेल्यांना, तोही प्रकाराप्रमाणं ३० दिवसापासून १८० दिवसापर्यंत. तुमच्या भावाला तो लागू नाही. रोज उठून ५० दिरहॅम चढतात, आणि रोजावर त्याला हातात पडत असतील सत्तर-ऐंशी, त्यात रूमभाडं आणि जेवण. म्हणजे थांबून पैसे साठवून दंड भरतो म्हणणं हिशोबात बसतच नाही, हे भावाला कागदावर आकडे मांडून दाखवा, पोरं तिथं असल्यावर हा हिशोब करत नाहीत, लाज वाटते रिकाम्या हातानं परत यायची. खानापूर, कडोली, येळ्ळूर, निपाणी, सगळीकडं हेच बघितलंय. गावात पार्टी देऊन निघालेला असतो, कर्ज काढलेलं असतं, परत येऊन तोंड काय दाखवायचं म्हणून पोरगा तिथंच अडकून पडतो. तिकडं अशा बिनकागदाच्या कामगारांना आपले लोक खल्लीवल्ली म्हणतात, आणि खल्लीवल्लीला पगार बुडवला तरी तक्रार करायला तोंड नसतं, ठेकेदाराला हे चांगलं ठाऊक असतं.

आता दंड भरून स्वतःहून निघाला तर बॅन लागतोय काय? नुसत्या ओव्हरस्टेला, दंड पूर्ण भरून, स्वतःच्या पायानं, केस नसताना निघाला तर साधारणपणे युएई परत यायची दारं बंद करत नाही. माझ्या हातून गेलेल्या फायलींत हेच बघितलंय. पण व्हिजिट व्हिसा ज्या ट्रॅव्हल कंपनीच्या नावावर निघालेला असतो ती कंपनी माणूस वेळेत बाहेर पडला नाही की स्वतःला वाचवायला त्याच्यावर ॲब्स्कॉन्डिंग घालते, कारण तिचा कोटा आणि डिपॉझिट अडकतंय. हे घातलेलं असलं तर मग ब्लॅकलिस्टची भीती खरी. आणि ते काढायला त्याच कंपनीकडं जावं लागतंय, ती तिचा खर्च म्हणून पैसे मागते. तो इमिग्रेशनच्या दंडात मोडत नाही, त्यामुळं दंड भरला म्हणजे सगळं मिटलं असं समजून एअरपोर्टला जाऊ नका.

तपासायचं कसं. व्हिसाच्या कागदावर फाईल नंबर असतोय, तो बघा कशानं सुरू होतो. २०१ असेल तर दुबई, ३०१ शारजा, १०१ अबुधाबी. दुबईचं सगळं जीडीआरएफए हे इमिग्रेशन खातं बघतं, बाकीच्या अमिरातींचं आयसीपी हे दुसरं खातं, दोघांच्या वेबसाईटवर फाईल नंबर, पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख घालून स्थिती आणि दंड दिसतोय. भाऊ शारजात राहतो म्हणून शारजाच्या ऑफिसात जाऊन उपयोग नाही, व्हिसा कुठून निघालाय ते महत्त्वाचं. पोरं इथंच चुकतात, दोन-दोन दिवस चुकीच्या रांगेत घालवतात. व्हिसाची पीडीएफ नसेल तर एजंटकडून व्हॉट्सॲपवर आलेला जुना मेसेज शोधा, निघताना सांबऱ्याला नाहीतर गोव्याच्या विमानतळावर दाखवायला त्यानं तो पाठवलेलाच असणार. ऑनलाईन नीट दिसत नसेल तर दुबईत व्हिसाची कामं करणारी आमेर सेंटर आहेत, बाकी ठिकाणी अर्ज भरून देणारी टायपिंग सेंटर, तिथं थोड्या पैशात बघून सांगतात. बँकेत खातं, कार्ड, कर्ज काहीच केलेलं नसेल तर ट्रॅव्हल बॅनची काळजी नको. केलेलं असेल तर दुबई पोलिसांच्या ॲपवर पैशाच्या केसची चौकशी होते, पण त्याला बत्ताका म्हणजे एमिरेट्स आयडी लागतोय, व्हिजिटवाल्याकडं तो नसतो. अबुधाबीचं इस्तफसर म्हणून वेगळं आहे, त्याला युनिफाईड नंबर लागतोय.

पासपोर्टचं. दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बेकायदेशीर आहे, मालकानं असो की एजंटनं. आधी सरळ मागायला सांगा, व्हॉट्सॲपवर लिहून, म्हणजे पुरावा राहतो. बहुतेक वेळा काय होतं, पोरगा कॉन्सुलेटला जातो म्हटला की दोन दिवसात पासपोर्ट बाहेर येतोय. नाही आला तर दुबईचं भारतीय कॉन्सुलेट शारजा आणि उत्तरेकडच्या अमिरातींचं बघतं, आणि तिथं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री ८००४६३४२, चोवीस तास चालू. हिंदीत बोललं तरी चालतंय. पासपोर्ट मिळतच नसेल तर तिथल्या पोलिसांत नोंद करून कॉन्सुलेटकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट निघतं, आपले लोक आउटपास म्हणतात, त्यावर एकदाच भारतात यायला मिळतं, कुठं दुसरीकडं जायला नाही. आउटपास मिळाला म्हणजे दंड माफ झाला असं मात्र नाही, बरेच जण तसं समजतात. दंड आणि परमिट वेगळं, ते इमिग्रेशनचं.

पैसे अजिबात नसले तर काय. भारत सरकारचा आयसीडब्ल्यूएफ म्हणून फंड आहे, २००९ पासून, प्रत्येक दूतावासात, अडचणीतल्या भारतीयांसाठीच, त्यातून राहायची सोय, परतीचं तिकीट, आणि काही वेळा छोट्या गुन्ह्यांचा दंडसुद्धा भरतात. सगळ्यांना मिळतं असं नाही, ते परिस्थिती बघतात, फसवून आणलाय याचे कागद बघतात. म्हणून तुम्ही इकडून परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार घाला, भावाचा पासपोर्ट नंबर, व्हिसाची कॉपी, एजंटला दिलेल्या पैशाचे फोनपेचे स्क्रीनशॉट सगळं जोडून. त्या तक्रारीचा नंबर घेऊन भाऊ कॉन्सुलेटला गेला की खिडकीवरचा माणूस त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. इमिग्रेशनला दंड कमी करा म्हणून विनंती अर्जही करता येतोय, दवाखान्याचे कागद किंवा घरात कोणी गेल्याचा दाखला असला तर वजन पडतं. मिळालं तर मिळालं, त्याच्यावर बसून राहायचं नाही.

आता माफीचं. एजंट म्हणतोय ते पूर्ण खोटं नाही, म्हणून लोक फसतात. युएईनं २०१८ मध्ये माफी दिली होती आणि परत २०२४ मध्ये, १ सप्टेंबरपासून, आधी दोन महिन्याची, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दंड माफ आणि बॅन पण नाही, स्टेटस दुरुस्त करून नोकरी धरायची पण मुभा. भारीच होतं. पण मधली २०२० ची कोविडमधली सवलत सोडली तर दोघांत सहा वर्षाचं अंतर आहे हे बघितलात काय? पुढची कधी येईल कुणाला माहीत. तोवर दिवसाला ५० चढणार आणि त्याहून वाईट म्हणजे साईटवर रेड पडली की पकडला जाणार. व्हिजिटवर काम करणं हाच वेगळा गुन्हा आहे. २०२४ मध्ये त्यांनी मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहॅमपर्यंत नेलाय, त्यामुळं तपासण्या पण वाढल्यात आणि पकडल्यावर मालक पहिलं म्हणतो हा माणूस माझा नाहीच. पकडला की जेल, मग डिपोर्ट. डिपोर्ट झालेल्याला परत जायचं तर तिथल्या सरकारची खास परवानगी लागते, आणि ती मिळालेली माणसं मी हाताच्या बोटावर मोजण्याइतकी बघितलीत. म्हणजे आज दीड लाखात सुटणारी गोष्ट माफीची वाट बघण्यात आयुष्यभराच्या शिक्क्यापर्यंत जाते.

आणि हो, भाऊ निघेपर्यंत कामावर जाऊ नये. उपाशी राहा म्हणत नाही मी, गावातली पोरं असतील कोणी तर त्यांच्याकडं राहू दे आठ दिवस. पण साईटवर नको. हे लई महत्त्वाचं.

आता स्पेलिंग बदलून नव्या पासपोर्टचं, ह्याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण हा सल्ला आपल्या भागात सगळ्यात जास्त फिरतो आणि त्याला कारण पण आपल्या भागाचंच आहे. आपले कागद आधीच गोंधळाचे. शाळेचा दाखला मराठीत, जन्माचा दाखला आणि आरटीसी म्हणजे जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, आधारवर तिसरंच इंग्रजी स्पेलिंग, कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं नुसतं इनिशियल, जुन्या पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरनंतरच्या कागदांवर बेळगावी. त्यामुळं एजंट म्हणतो की हे बघा तुमच्या आधारवर असं आहेच की, त्याच्यावर काढू, नवा माणूस तयार. ऐकायला बरोबर वाटतं. पण तिकडं नावावर कोण बघतंय ओ? युएईनं २००० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एअरपोर्टवर डोळ्याचा आयरिस स्कॅन बसवला तो ह्याच्यासाठीच, डिपोर्ट केलेली माणसं नवीन पासपोर्टवर परत येत होती म्हणून. तेव्हा काही हुशार लोकांनी डोळ्यात बाहुली मोठी होणारे ड्रॉप घालून जायला सुरू केलं, तेही त्यांनी ओळखून काढलं. सौदी, कुवेत, सगळीकडं बोटाचे ठसे आहेत. नाव, नंबर, जन्मतारीख सगळं बदललं तरी बोटं तीच.

वर आपल्याकडं पासपोर्ट कायदा १९६७, कलम १२, खोटी माहिती देऊन किंवा माहिती लपवून पासपोर्ट काढला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तिथल्या ओव्हरस्टेला इथं गुन्हा नव्हता, तुम्ही इथं एक नवीन तयार केलात. स्पेलिंग खरंच चुकलेलं असेल तर दुरुस्ती करा की, नाही कोण म्हणतंय, पण जुन्या पासपोर्टचा नंबर देऊन, रीतसर री-इश्यू करून, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या फॉर्मवर जुनं नाव पण लिहून. तो रकाना असतोय फॉर्मवर, इतर नावं म्हणून.

पोर्तुगालचं बघू. मावसभाऊ कुठलं म्हणतोय ते कळलं मला, गोवा शेजारी असल्यामुळं आपल्याकडं पोर्तुगाल म्हणजे शेजारच्या गावासारखं बोलतात. ज्यांची गोव्यात पोर्तुगीज काळातली नोंद आहे त्यांचं नागरिकत्वाचं वेगळं प्रकरण, तुमचं ते नाही. बाकी जे टुरिस्ट म्हणून जायचं, तिथं काम धरायचं आणि मग कागद करायचे, अशी जी वाट होती ती पोर्तुगालनं ३ जून २०२४ ला बंद केली. अजूनही एजंट ती विकतात. आता तसा जाऊन राहिला तर सरळ शेंगेनचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा ओव्हरस्टे, एका देशाचा नाही तर त्या सगळ्यांचा. परत पाठवायचा आदेश झाला की एंट्री बॅन साधारण पाच वर्षांपर्यंतचा लागू शकतो आणि तो त्यांच्या एसआयएस नावाच्या सामायिक यादीत जातो, जर्मनीनं घातला तरी इटलीच्या काउंटरवर दिसतो. आधी पासपोर्टवरचे शिक्के मोजायला लागायचे, कुठंतरी पुसट शिक्का असला की सुटायचे लोक, पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी ईईएस चालू केलंय, टप्प्याटप्प्यानं शिक्क्याच्या जागी बोटाचे ठसे आणि चेहरा, मशीनच दिवस मोजतं. नोंद तीन वर्षं राहते, आणि बाहेर पडल्याची नोंदच नसेल तर पाच.

युएईचा ओव्हरस्टे शेंगेनच्या मशीनमध्ये दिसतो काय असं विचाराल. त्यांची यादी वेगळी, ह्यांची वेगळी. पण पासपोर्टवर आत गेल्याचा आणि बाहेर पडल्याचा शिक्का असला की कुणीही मोजतं, आणि काही फॉर्मवर प्रश्नच सरळ असतोय. ब्रिटनच्या फॉर्मवर विचारतात की कुठल्याही देशानं तुम्हाला व्हिसा नाकारला, काढलं, बाहेर जायला सांगितलं काय, कॅनडा पण विचारतं. इथं लोक नाही म्हणून टिक करतात, किंवा स्वतः करत नाहीत, फॉर्म भरणारा सायबर कॅफेवाला करतो, आणि सही मात्र तुमची असते. ब्रिटनमध्ये खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर १० वर्षं बॅन, कॅनडात ५ वर्षं, अमेरिकेत तर कायमचा, वेव्हर म्हणजे खास सूट मिळाली तरच सुटका. ओव्हरस्टेसाठी मात्र ब्रिटनचेच नियम किती नरम आहेत बघा, स्वतःच्या खर्चानं ३० दिवसाच्या आत निघालात तर बॅनच नाही, त्यानंतर स्वतःच्या खर्चानं स्वतःहून निघालात तर १ वर्ष, सरकारच्या खर्चानं निघालात तर २ नाहीतर ५, ढकलून काढलं तर १०. प्रत्येक देशात आकडे वेगळे पण धोरण हेच दिसेल तुम्हाला, लवकर आणि स्वतःहून निघालेल्याला ते सोडतात.

सौदी आणि कुवेतचं एका ओळीत, कारण इथलं वाचून तिकडचे लोक पण विचारतील. सौदीत व्हिसा संपून राहिलेल्याला ५०,००० रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि डिपोर्ट असं आहे, तिथं युएईसारखं नुसतं भरून निघू म्हणून गृहीत धरू नका, आधी दूतावासात जा. कुवेतनं जानेवारी २०२५ पासून दर वाढवलेत, व्हिजिटवाल्याला रोज १० दिनार, २,००० दिनारपर्यंत. दिनारचा भाव बघितलात की छातीत धस्स होईल.

अमेरिकेचं थोडं सविस्तर, तुमच्यासाठी नाही पण टिळकवाडी-शहापुरातले आईवडील लेकीच्या बाळंतपणाला जातात त्यांच्यासाठी, महिन्यातून कोणीतरी ह्याच कामाला येतंच. तिथं घोळ असा होतो की पासपोर्टवर दहा वर्षाचा व्हिसा असतो, लोक समजतात दहा वर्षात कधीही कितीही राहा. राहायची मुदत असते आय-९४ म्हणजे आत शिरतानाच्या नोंदीवर, साधारण सहा महिने, आणि ती ऑनलाईन बघायची असते, कागद कोणी हातात देत नाही. ती तारीख एक दिवसानं जरी ओलांडली तरी तो दहा वर्षाचा व्हिसा आपोआप रद्द धरतात, परत नव्यानं आपल्याच देशात येऊन अर्ज. १८० दिवसाच्या वर आणि वर्षाच्या आत राहून निघालात तर ३ वर्षं बंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर १०. आणि ही बंदी लागते ती बाहेर पडल्यावर, म्हणून काही लोक आत बसून राहतात, त्याचा वेगळाच गुंता होतो, त्याला तिथला वकीलच पाहिजे. बाळाला बरं नाही, सासूबाईंचं ऑपरेशन आहे, राहावंच लागणार असं असेल तर मुदत संपायच्या आधी आय-५३९ नावाचा वाढीचा अर्ज टाका. वेळेत टाकलेला अर्ज पेंडिंग असेपर्यंत ते बेकायदेशीर दिवस धरत नाहीत. अर्जाची पावती आणि परत आल्याचा बोर्डिंग पास जपून ठेवा, पुढच्या इंटरव्ह्यूला तोच कामाला येतोय, कधी कधी त्यांच्या सिस्टीममध्ये बाहेर पडल्याची नोंदच नसते.

शेंगेनमध्ये असाच साधा घोळ. व्हिसावर तारखा असतात महिन्याभराच्या आणि खाली ड्युरेशन ऑफ स्टे लिहिलेलं असतं १५ दिवस. राहायचं पंधराच, आणि पोचलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजायचे. ऑस्ट्रेलियात २८ दिवसाच्या वर ओव्हरस्टे झाला तर तीन वर्षं बहुतेक तात्पुरते व्हिसे मिळत नाहीत. असो, भरकटलो.

भाऊ परत आल्यावर काय करायचं, म्हणजे परत जायचं असेल तर. पहिलं, दंड भरल्याच्या पावत्या, एक्झिट परमिट, बोर्डिंग पास, पासपोर्टवरचा एक्झिट शिक्का सगळं स्कॅन करून ईमेलवर स्वतःला पाठवून ठेवा, मोबाईल हरवतात. दुसरं, पुढचा व्हिसा फक्त एम्प्लॉयमेंटचा, आणि ऑफर लेटर आल्यावर त्याचा नंबर तिथल्या लेबर मिनिस्ट्रीच्या साईटवर तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. भाऊ दहावी झालेला असेल तर पासपोर्ट ईसीएनआर म्हणजे सरकारी क्लिअरन्स नको असलेला असेल, नाहीतर ईसीआर म्हणजे क्लिअरन्स पाहिजे असलेला, आणि ईसीआरवाल्याला युएईसकट अठरा देशांत नोकरीला जायला सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून तो लागतोय, त्याच्याबरोबर दहा लाखाचा प्रवासी भारतीय विमा पण येतो. एजंट हे टाळायलाच व्हिजिटवर पाठवतात, लवकर होतंय म्हणून सांगतात. सीएनसी सेटरला तिकडं चांगली मागणी आहे, उद्यमबागेतला अनुभव तिथले फॅक्टरीवाले मानतात, त्याला चोरवाटेची गरजच नव्हती.

व्हिसाच्या फॉर्मवर ओव्हरस्टेचा प्रश्न आला तर हो लिहायचं आणि खाली तीन-चार ओळीत तारखा, कारण, भरलेला दंड, स्वतःहून निघाल्याचं लिहायचं. रडगाणं नको, पानभर पत्र नको. ऑफिसरला गोष्ट नको असते, कागद पाहिजे असतात. कन्नड कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा. आणि स्पेलिंग वेगवेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत म्हणून ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा, विचारल्यावर धावपळ करण्यापेक्षा बरं.

दुबईतून कोणी फोन करेल की बॅन काढून देतो, सीआयडीत माणूस आहे, पंधराशे दिरहॅम पाठवा. एक दमडी देऊ नका. बॅन असेल तर तो ज्यानं घातला त्याच्याकडूनच निघतो, कंपनीनं घातला तर कंपनीनं लेबरमध्ये जाऊन, कोर्टाचा असेल तर तिथल्या वकिलानं, इमिग्रेशनचा असेल तर अर्ज करून. मधला कोणी माणूस नसतो.

राहिला तो एजंट. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली लायसन्स लागतं, ई-मायग्रेटवर त्याचं नाव बघा, नसणारच. लायसन्स असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते, आता तुम्ही किती दिलात ते तुम्हालाच माहीत. पण एजंटवर पोलिसांत तक्रार भाऊ आणि पासपोर्ट दोन्ही हातात आल्यावरच करा, आधी केलीत तर तिकडचा माणूस पासपोर्ट घेऊन गायब होईल. तोवर त्याच्याशी गोडीत बोला, जे बोलायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून, फोनवर नको. पोलीस स्टेशनला अर्ज मराठीत दिला तर घेतील पण एफआयआर कन्नडमध्ये लिहिला जातो, तेव्हा वाचता येणारा माणूस बरोबर घेऊन जा आणि सही करायच्या आधी वाचून घ्या, कारण मी असे एफआयआर बघितलेत ज्यात नोकरीसाठी घेतलेले पैसे हातउसने म्हणून लिहिलेत, मग एमिग्रेशन कायद्याचं कलमच लागत नाही आणि साधं देण्याघेण्याचं भांडण होऊन बसतं.

भावाला आज रात्री एवढंच सांगा की व्हिसाची पीडीएफ आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो तुम्हाला पाठव. फाईल नंबर कशानं सुरू होतो आणि ॲब्स्कॉन्डिंग दिसतं का, हे कळलं की पुढचं इथंच विचारा. नंबरातले शेवटचे आकडे मात्र झाकून टाका, सगळ्यांना दिसतंय हे.